इलिंका, बाळासह

२५ मार्च २०२०, बुधवार

आजपासून घराबाहेर पडायला कागद लागतो. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि बाहेर जाण्याचं कारण लिहून खाली सही. कारणं त्यांनीच छापून दिली आहेत: नोकरी, किराणा, दवाखाना, आजाऱ्याची सेवा, कुत्र्याला फिरवणं. सभा आणि मोर्चा त्यात नाहीत. पोलिसांनी वेशीवर टेबल मांडलंय.

मी त्रेसष्ट वर्षांची निवृत्त सुईण. बत्तीस वर्षं आमच्या दवाखान्यात बाळंतपणं केली आणि तेवढीच वर्षं कामगार संघटनेच्या व्यासपीठावरून बोलले. समोर ऐकायला कुणी नाही ही अवस्था मला नवीन आहे. कोंबड्यांपुढे भाषण करून पाहिलं, त्या पांगल्या. म्हणून ही वही.

दवाखान्याच्या फाटकावर नोटीस लागली आहे: सगळा दवाखाना कोरोनाच्या रुग्णांसाठी. प्रसूती विभाग बंद. बाळंतिणींनी सत्तर किलोमीटरवर जिल्ह्याच्या ठिकाणी जावं. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्यातल्या एकालाही कधी कळ आलेली नाही, एवढं मी पैजेवर सांगते.

२८ मार्च

दुपारी इलिंका आली. अंगणाच्या कुंपणापलीकडे उभी, तोंडाला घरी शिवलेला फुलाफुलांचा मास्क.

"मावशी, अंडी आहेत का?"

"तुझ्याकडे नऊ कोंबड्या आहेत की."

"त्या देईनाशा झाल्यात."

"त्यांनाही आणीबाणी लागू झाली वाटतं."

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी फाटक उघडलं. दोन मीटर अंतर वगैरे मला जमलं नाही.

नऊ आठवडे झालेत. नवरा गाव्रिल फेब्रुवारीत आठ दिवसांसाठी जर्मनीहून आला होता, बापाच्या वर्षश्राद्धाला. परत गेला आणि सीमा बंद झाल्या. तिला दोन मुलं आहेत, दोघांच्या जन्माला मीच होते. दुसऱ्याच्या वेळी सिझेरियननंतर रक्त थांबेना. चार तास मी तिचा हात धरून बसले होते. तेव्हाच डॉक्टर ओलारूंनी सांगितलं होतं, आता पुन्हा नको, गर्भपिशवीवरचा टाका पातळ आहे.

"ओलारूंकडे गेलीस का?"

"गेले. फक्त तातडीचे रुग्ण घ्यायचा आदेश आहे म्हणाले. माझं तातडीचं नाही."

"मग तातडीचं कधी होणार? रक्त वाहायला लागलं की?"

"ते नाही म्हणाले. मास्क नाकावर घ्या म्हणाले."

मग ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहून ठेवते: "आणि मावशी, टाका लोखंडाचा असता ना, तरी मला हे नकोच होतं. मला कारखान्यात माझ्या शिलाई मशीनवर परत बसायचंय. मला रात्रभर झोपायचंय."

मी म्हटलं, पोरी, यापेक्षा चांगलं कारण आजवर कुणी मला सांगितलेलं नाही.

जाताना तिने मला शपथ घातली. कुणालाही सांगायचं नाही. "सासूबाईंना कळलं तर गाव जमेल. आणि गाव जमलं की मला 'नाही' म्हणता येत नाही. माझा स्वभावच तो."

शपथ घेतली. सहा अंडीही दिली.

३० मार्च

ओलारूंच्या खिडकीशी अर्धा तास उभी राहिले. त्यांनी आत बोलावलं नाही. मागे नर्स मिराबेला नोंदवहीत काहीतरी लिहीत होती. माणूस वाईट नाही. वीस वर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिलो.

"वेतुरियाबाई, आदेश वरून आहे."

"वरून काय काय आलेलं आहे ते आपण दोघांनी पाहिलंय डॉक्टर. हुकूमशाहीत प्रसूती विभागात सरकारी वकील खुर्ची टाकून बसायचा. बाई रक्ताच्या थारोळ्यात आणि तो विचारतोय, गर्भ कुणी पाडला त्याचं नाव सांग, मग डॉक्टर हात लावतील. तेव्हाही आदेशच होता."

"तेव्हा कायदा होता. आता कायदा तुमच्या बाजूने आहे. फक्त थोडं थांबा."

"गर्भ थांबतो का डॉक्टर? त्याला आणीबाणीचा कागद दाखवू? चौदा आठवडे कायद्याने दिलेत, त्यातले पाच उरलेत. तुम्ही हक्क काढून घेत नाही, नुसता उशीर करता. पण उशिरानेही तेच होतं, आणि कुणाला सही करावी लागत नाही!"

ते थकल्यासारखे म्हणाले, "तुम्ही माझ्याशी बोलताय की सभेशी?"

मिराबेलाने मान वर केली. मी निघाले.

१ एप्रिल

आठ दवाखान्यांना फोन केले. चार ठिकाणी फक्त तातडीचं. एका ठिकाणी डॉक्टरांच्या श्रद्धेत बसत नाही. एका ठिकाणी बाई म्हणाली, "ईस्टरचे उपास चाललेत, अशा दिवसांत असलं काही विचारवतं तरी कसं तुम्हाला?" दोघांनी उचललाच नाही.

डोकं इतकं तापलं की सावेताला फोन लावला. सावेता माझी धाकटी बहीण, पलीकडच्या गावात असते, देवभोळी, पण ऐकून घेते. तासभर तोफ डागली. ओलारू कसा आदेशाच्या मागे लपतो, इलिंकासारखी निमूट बाई कशी दारोदार फिरते, गाव्रिल तिकडे जर्मनीत खाटीकखान्यात मांस कापतोय आणि इकडे ही एकटी. सावेता नुसती "अरे देवा, बिचारी" म्हणत होती. फोन ठेवल्यावर बरं वाटलं.

४ एप्रिल

जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, चार पानं. मथळा दिला: 'तातडी कोणाची?' नाव घातलं नव्हतं, पण दोन मुलं, शिवणकारखाना, जर्मनीतला नवरा एवढं वाचून शेंबडं पोरही ओळखेल. फाडून चुलीत टाकलं. वचन म्हणजे वचन. तोंडाला कुलूप कसं लावायचं ते त्रेसष्टाव्या वर्षी शिकतेय.

मला हे जड जातं, त्याला कारण आहे. १९६८ साली गर्भपातबंदीच्या हुकमाला दोन वर्षं झाली होती. आई तीन दिवस पलंगावर तापाने फणफणत होती. मी अकरा वर्षांची. ती म्हणाली, "शेजारच्या काकूंना सांगू नकोस. कुणाला सांगू नकोस." मी आज्ञाधारक मुलगी होते, नाही सांगितलं. चौथ्या दिवशी सावेता तिला उठवायला गेली.

तेव्हापासून मी गप्प बसलेली नाही. दर आठ मार्चला व्यासपीठावरून आईची गोष्ट सांगते. गप्प बसण्याने बायका मरतात, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.

७ एप्रिल

मिळाला! याश शहरात डॉक्टर हंगानू, छोटासा खासगी दवाखाना. आवाजावरून तरुण बाई वाटली. म्हणाली, "पंधरा तारखेला सकाळी दहाला या. कागदावर दवाखाना लिहा, पोलिसांनी अडवलं तर माझ्याशी बोलायला द्या." एवढंच. इतकं सोपं असतं हे!

इलिंका म्हणाली, कागदावर किराणा लिहिते.

"एकशेदहा किलोमीटरवर किराणा? दवाखाना लिही. तुझा हक्क आहे, चोरी नाही."

"वेशीवर सासूबाईंचा भाचा उभा असतो, मावशी."

"मग त्यालाही कळू दे की बाईला दवाखाना लागतो!"

ती मग म्हणाली, "दाढ दुखते म्हणून सांगेन. दाढही दवाखान्यातच काढतात." मोठी हुशार आहे. गाडी मी चालवणार.

१२ एप्रिल, ईस्टरच्या आधीचा रविवार

आज लिहायला बसवत नाही. तरी लिहिते.

चर्च बंद आहे म्हणून पाद्री युस्तिन रिकाम्या चर्चमध्ये प्रार्थना करतात आणि त्यांची बायको फोनवरून ती सगळ्यांना दाखवते. मी देव मानत नाही, पण सावेता दरवर्षी आईचं नाव पोमेलनिकमध्ये घालते, ते ऐकायला बसते. पोमेलनिक म्हणजे नावांची यादी, आधी जिवंतांची, मग मेलेल्यांची. लोक एरवी चिठ्ठ्यांवर लिहून देतात, आता फोनवर पाठवतात. पाद्री एकेक नाव वाचतो आणि देवाकडे मागतो.

यादी लांबलचक. मध्येच कॅमेरा छताकडे गेला आणि पाद्रीणबाईंचा आवाज आला, "अहो, पान उलटा, दोनदा वाचताय." मी हसत होते. आणि पाद्रीने वाचलं:

"इलिंका, बाळासह."

पोटुश्या बाईचं नाव तसंच लिहायची रीत आहे, म्हणजे प्रार्थना दोघांना लागते. गावात तीन इलिंका आहेत. एक ऐंशीची, एक चार वर्षांची.

पाद्री पुढच्या नावावर जाईपर्यंत पडद्यावर लाल बदाम उडायला लागले होते. पारास्किवाने, तिच्या सासूने, लिहिलं होतं: "आमची इलिंका??? देवा तुझे उपकार!!!"

१३ एप्रिल

पारास्किवा गादीगुंडाळं घेऊन सुनेकडे राहायला आली आहे. गाव्रिल फोनवर आनंदाने रडला म्हणे. शेजारणींनी फाटकावर सूप, लोणची, लहान मुलांचे कपडे आणून टांगलेत. कुणीही वाकडा शब्द काढलेला नाही. सगळं गाव खुशीत आहे. दोन महिन्यांत पहिलीच चांगली बातमी.

इलिंकाचा फोन आला, न्हाणीघरातून, नळ सोडून. "कुणी सांगितलं, मावशी? तुमच्याशिवाय आणि ओलारूंशिवाय कुणाला माहीत नव्हतं."

"ती मिराबेला. कान टवकारून बसली होती. दुसरं कोण!"

"तिचं काय वाईट केलं होतं मी?"

मी म्हटलं, परवा मी गाडी घेऊन येते, तू नुसती बाहेर ये. तिने नळ बंद केला.

१४ एप्रिल

सावेताचा फोन. आवाज हसरा. "ऐकलंस ना ताई, परवा आईचं नाव? आणि त्या बिचारीचंही घातलं मी. अशा वेळी प्रार्थना हवीच."

मी ओरडले. 

"तू पाठवलंस? तू?"

"मग? तू एवढी काळजीत होतीस—"

"सावेता, ती सुटका मागत होती! तू तिला सगळ्या गावापुढे बाळासह उभं केलंस! तुझ्या चर्चला बायकांच्या पोटातलं सगळं कळायला हवंच असतं!"

"मी देवाला सांगितलं, ताई. मला तू सांगितलंस."

"मी माझ्या बहिणीला सांगितलं होतं!"

ती मग म्हणाली, "आईनेही कुणाला सांगू नका म्हटलं होतं. तू दरवर्षी मैदानात माईकवरून सांगतेस. मी कधी काही बोलले का?"

मी फोन आपटला. हे कसलं उत्तर झालं? आईचा आणि या गोष्टीचा काय संबंध? धर्माने माणसाची बुद्धी कशी झाकते याचं उदाहरण माझ्याच घरात निघावं! तिच्याशी माझं संपलं.

इलिंकाला सावेताचं नाव सांगून काही उपयोग नाही. दोन गावांत भांडण लागेल. मिराबेला तर मिराबेला. तिचे कान तसेही लांबच आहेत.

१५ एप्रिल

सकाळी सात ते साडेनऊ त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गाडीत बसून होते. ती आली नाही. डॉक्टर हंगानूंना कळवलं. त्या म्हणाल्या, "असं होतं. मी दोन मेपर्यंत कुठलाही दिवस देईन."

२९ एप्रिल

मंत्रालयाने म्हणे कळवलंय की ही सेवा थांबवू नये. ओलारूंनी स्वतः फोन केला: "वेतुरियाबाई, तिला पाठवा. उद्या करतो." पाच आठवड्यांनी आदेश फिरला, आणि तो आपल्यामुळेच फिरला असा त्यांचा सूर!

तशीच गेले. पारास्किवा अंगणात. तिने मला बघून हात पसरले, मग आठवण होऊन आखडले. "या बाई, या. तुम्हीच हवात. आमच्या पोरीला पायांवर सूज आहे, बघा जरा." चांगली बाई आहे. तिने सुनेला धुणंसुद्धा करू दिलेलं नाही. अंगणात मध्यभागी पाळणा, ताजा पांढरा रंग दिलेला, उन्हात वाळत ठेवलेला.

इलिंका ताटलीत गोड पाव घेऊन फाटकापाशी आली, ईस्टरचा उरलेला. मी हळू आवाजात सांगितलं, उद्या, ओलारूंकडे, परवानगी आली.

"मावशी, पाळण्याला रंग दिलाय."

"पाळण्याला रंग दिला म्हणून कुणी बाळंत होत नाही!"

"हळू बोला."

"का हळू? इतकी वर्षं आम्ही कशासाठी ओरडलो? वळ, आणि सांग त्यांना. एक शब्द. 'नको'."

"मला येत नाही ते. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी तुम्हाला." तिने ताटली माझ्या हातात दिली. "गाव्रिलने पोरांना फोनवर सांगितलंय. मोठी रोज पोटाला पापी देते. आता कुणाकुणाला नको म्हणू? पावात अक्रोड आहेत, तुम्हाला आवडतात म्हणून जास्तीचे घातलेत. जा तुम्ही आता."

रागाने घरी आले. हक्क हातात ठेवला तरी मूठ मिटायची नाही म्हणजे काय! अशा वेळी बायकांवरचा माझा विश्वास डळमळतो.

२ मे

चौदा आठवडे पूर्ण. पाव खाल्ला नाही, कोंबड्यांना घातला.

२० मे

बाजार उघडला. इलिंकाने भाजीच्या रांगेत मिराबेलाला गाठून चारचौघांत तिच्या पायाशी थुंकलं म्हणे. इलिंकाने! जिला 'नाही' म्हणता येत नाही तिने. ऐकून मला क्षणभर अभिमान वाटला. मिराबेला रडत घरी गेली, आता ओलारूंकडून काम सोडून जिल्ह्याला कोरोना विभागात बदली मागते आहे म्हणतात. तिथे मान मिळतो आणि कुणी ओळखत नाही.

मला जरा वाईट वाटलं. पण नोंदवहीतलं बाहेर सांगण्याची तिची खोड जुनी आहे. निदान असेल.

१६ सप्टेंबर

चार महिने लिहिलं नाही. फाटकावरची नोटीस उन्हाने पिवळी पडली, प्रसूती विभाग बंदच. ऑगस्टमध्ये एक बाई जिल्ह्याच्या वाटेवर गाडीतच बाळंत झाली. मी निषेधाचं पत्र लिहिलं, छापून आलं, कुणी काही केलं नाही.

इलिंकाला रस्त्यात पाहिलं. तेहतीस-चौतीस आठवडे असावेत. टाक्यापाशी हात धरून चालत होती. गाव्रिल जुलैत परतलाय, पिशव्या तोच उचलतो. तिने मान हलवली, थांबली नाही.

सावेता दर रविवारी फोन करते. मी उचलत नाही.

१७ ऑक्टोबर

कळलं ते असं. परवा इलिंकाला सिझेरियनसाठी जिल्ह्याला नेलं. दारातच तपासणी झाली, कोरोना निघाला. ताप नाही, खोकला नाही. गाव्रिलला फाटकावरून परत पाठवलं. काल सिझेरियन झालं. रक्त थांबेना. गर्भपिशवी काढावी लागली. मुलगी झाली, दोन किलो सातशे. मुलीला तिथूनच दुसऱ्या इमारतीत नेलं, चौदा दिवस आईजवळ द्यायची नाही.

ती सगळ्यातून एकटी गेली. मागच्या वेळी निदान कुणीतरी हात धरायला होतं.

मला राग यायला हवा. शोधला, सापडला नाही.

१९ ऑक्टोबर

फोनवर अनोळखी नंबर. "मावशी, मी."

मी काय काय विचारणार होते! पण ती म्हणाली, "दूध उतरलंय. छाती दगड झालीय. इथे कुणाला वेळ नाही. चौदा दिवस ते टिकवायचं कसं?"

सांगितलं. हात धू. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या जरा मागे. आधी छातीच्या दिशेने दाब, मग पुढे. ओढायचं नाही. घाई करायची नाही. दर तीन तासांनी, दोन्ही बाजू.

"कशात काढू?"

"स्वच्छ वाटीत. मग नर्सबाईंना दे, बाळाला पाजतील."

"नाही घेत म्हणाल्या. माझ्या खोलीतून काहीच बाहेर जात नाही."

"मग…" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग बेसिनमध्ये."

फोन चालूच होता. मला नळ ऐकू आला नाही, तिचा श्वास ऐकू आला, आणि मग थेंब.

२१ ऑक्टोबर

रोज अकरा, दोन आणि पाच वाजता. ती फोन उशीवर ठेवते. मी कोंबड्यांचं सांगते, पाऊस किती झाला ते सांगते. काल म्हणाली, "मावशी, तुम्हाला छोटंही बोलता येतं, मला माहीत नव्हतं."

मुलीचा फोटो कुणीतरी पाठवलाय. ती म्हणते, "छान आहे. पण कुणाचीही असू शकते." मग म्हणते, "पोरगी नको होती मला. आणि आता दर तीन तासांनी तिच्यासाठी दूध काढून फेकते. हसू येतं ना?"

मला नाही आलं.

२३ ऑक्टोबर

आज ती म्हणाली, "इथे कोण आहे माहितीये? मिराबेला. पांढऱ्या पोशाखात डोक्यापासून पायापर्यंत, पाठीवर नाव लिहिलेलं. रात्रपाळीला असते. पाणी आणते. मी तिच्या हातचं पीत नाही."

"पीत नाहीस म्हणजे?"

"तोंड फिरवून घेते. ती ग्लास ठेवते आणि जाते. सकाळची दुसरी नर्स येईपर्यंत तहान धरते. दूध कमी झालंय म्हणून तुम्ही ओरडलात ना काल? म्हणून. तिने माझं आयुष्य गावाला वाटलं मावशी, तिच्या हातचं पाणी कसं पिऊ?"

मी म्हटलं, पाणी पी, पोरी, भांडण नंतर. ती म्हणाली, नाही. पहिल्यांदाच ऐकला मी तिच्या तोंडून हा शब्द. स्पष्ट, खणखणीत.

फोन ठेवला आणि ही वही उघडली. एक एप्रिलची नोंद वाचली. पुन्हा वाचली. 'तासभर तोफ डागली.' 'बरं वाटलं.' खाली चार तारखेला, कुलूप कसं लावायचं ते शिकतेय. माझ्याच अक्षरात. चौदा तारखेचंही वाचलं. सावेताने मला तेव्हाच सांगितलं होतं, अगदी साध्या शब्दांत, आणि मी तिला धर्मावर व्याख्यान दिलं.

आणि वीस मे. मिराबेलाचे कान लांब आहेत हे मी लिहिलंय. कुणी मोजले होते?

२४ ऑक्टोबर

अकराच्या फोनला सांगितलं. आधी वाक्यं मनात रचली होती, कागदावरही मांडली होती. सगळं बाजूला ठेवलं.

"इलिंका, मिराबेलाने काही केलं नाही. मी माझ्या बहिणीला सांगितलं होतं. तिने तुझं नाव चर्चमध्ये पाठवलं. चौदा एप्रिलपासून मला माहीत आहे."

थेंब थांबले.

 मी "पोरी" म्हटलं.

"तुम्ही फाटकाशी आलात," ती म्हणाली, "मला म्हणालात, वळ आणि सांग त्यांना. तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"मी त्या बाईवर थुंकले, तेव्हा?"

"हो."

"आणि मला धैर्य नाही असं वाटत होतं ना तुम्हाला."

फोन बंद झाला. दोनला आला नाही. पाचला आला नाही.

२५ ऑक्टोबर, रविवार

सावेताचा फोन आला. उचलला. ती इतकी दचकली की आधी कोण बोलतंय विचारलं. मी म्हटलं, चूक माझी होती. ती म्हणाली, "जेवलीस का?" मी ताट वाढून घेतलं, फोन कानालाच ठेवून.

२७ ऑक्टोबर

अकराला फोनपाशी बसते. दोनला, पाचला. मी स्वतः करायचा नाही असं ठरवलंय. माझं मन हलकं करायला पुन्हा तिचाच कान कशाला?

याशहून स्त्री संघटनेच्या बायकांचा फोन आला होता. पडद्यावर सभा घेणार आहेत, महामारीतल्या बाळंतिणींवर. मी बोलावं, एखादी खरी हकीकत सांगावी. "वेतुरियाबाई, तुमच्यासारखं कोण सांगणार?" मी म्हटलं, दवाखाने किती बंद झाले त्याचे आकडे वाचून दाखवीन. त्या म्हणाल्या, आकड्यांनी कुणी हलत नाही. खरंच आहे ते. आकडेच वाचीन.

३० ऑक्टोबर

अकरा वाजता.

"मी," ती म्हणाली. आवाज सरळ, दुकानात बोलतात तसा. "दोन्ही तपासण्या चांगल्या आल्या. उद्या सोडतायत. मुलगी फाटकापाशीच हातात देणार. दूध आटलंय. मंगळवारी चमचाभर होतं, आता तेही नाही. बाटली कुठली घेऊ? गाव्रिल औषधांच्या दुकानात उभा आहे."

मी सांगितलं. काचेची घे, तोंड लहान भोकाचं. पाणी उकळून कोमट करायचं, मग पावडर, आधी पावडर नाही. मनगटावर थेंब टाकून बघायचा. पाजताना बाटली आडवी धरायची, तिला दम घेऊ द्यायचा, मध्ये थांबायचं. छातीला उघडं धर, दूध नसलं तरी. तुझा वास तिला कळू दे. पहिल्या दिवशी ती रडेल, तुला ओळखणार नाही. दोन-तीन दिवसांनी ओळखेल.

ती सगळं लिहून घेत होती, पेन्सिलीचा आवाज येत होता.

"मिराबेलाच्या हातचं पाणी प्यायले," ती मध्येच म्हणाली. "माफी मागितली. तिने उशी सरळ केली."

"बरं केलंस."

"अजून काही?"

"टाका कोरडा ठेव. जड उचलू नकोस. टाक्यातून पाणी आलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी ओलारूंकडे जा, कितीही आदेश असले तरी."

"बरं."

ती फोन ठेवणार असं वाटलं. मी इतकी बाळंतपणं केली, प्रत्येक खोलीत शेवटी विचारते तेच तोंडातून निघून गेलं.

"नाव काय ठेवलंस गं?"

पेन्सिल थांबली.

"ते तुम्हाला नाही सांगणार, मावशी," ती म्हणाली. रागाने नाही. आणि फोन ठेवला.